फिरायला गेलात की राहायला? खातं तेच, कायदा वेगळा

दुबईत आठ दिवस फिरायला गेलेल्याच्या आणि तिथेच नोकरीला लागलेल्याच्या फोनवर पुण्यातल्या बँकेचं तेच ॲप उघडतं. ते उघडतं म्हणून दोघांनाही ते तसंच वापरायची मुभा आहे, हा समज मात्र चुकीचा.

पर्यटक फेमा या परकीय चलन व्यवहारांच्या कायद्यानुसार (१९९९) निवासी भारतीयच राहतो. परदेशात बसून त्याने घरचं वीजबिल भरलं तरी बिघडत नाही. परदेशी दुकानात यूपीआय हवं असेल तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायचे. सोय मोजक्याच देशांत आहे : भूतान, नेपाळ, सिंगापूर, मॉरिशस वगैरे.

नोकरीला गेलेल्यांचा घोळ निवासी की अनिवासी हे ठरवताना मोजल्या जाणाऱ्या १८२ दिवसांवरून होतो. 'तेवढे दिवस भरेपर्यंत जुनं खातं चालेल' असं त्यांना सांगितलं जातं. पण नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळाच्या मुक्कामासाठी देश सोडणाऱ्याला फेमा दिवस न मोजता अनिवासी धरतो. प्राप्तिकराचा हिशेब निराळा. वर्षभर इथे राहून डिसेंबरमध्ये नोकरीसाठी गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात करासाठी निवासी आणि फेमासाठी अनिवासी असू शकतो!

अशा माणसाने बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं. घरभाडं, लाभांश त्यात जमा होतात. त्यातून कर भरून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खातं, त्यातले पैसे परत नेण्यावर मर्यादा नाही. या दोन्ही खात्यांना ठरावीक देशांतले मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची वाट जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने मोकळी केली. म्हणजे जुनं खातं तसंच ठेवायला सोयीचं कारणही उरलेलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती मुलाचा पासवर्ड आणि ओटीपी घेऊन इथून व्यवहार करणाऱ्या आईवडिलांची. पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे फसवणूक झाली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्याच माथी येतं. त्यापेक्षा मुलाने एनआरओ खात्यासाठी मुखत्यारपत्र द्यावं. त्यावर वडील सोसायटीचा देखभाल खर्च, विम्याचे हप्ते, मालमत्ता कर असे इथले खर्च रीतसर भागवू शकतात. त्या खात्यातून कुणाला पैसे भेट देण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळत नाही.