सीसी कमी म्हणजे बाईक सोपी? खरं काय ते बघा

'1200 सीसीची क्रूझर चालवलीये ना, मग 600 ची स्पोर्ट बाईक तर किरकोळ', हे वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे, कारण आपण सगळेच बाईक सीसीवरून मोजतो. पण सीसी म्हणजे इंजिनाचा आकार, ताकद नाही.

दोन्हींचा स्पेक शीट उघडा आणि पॉवरला वजनाने भागा. 1200 ची एअर-कूल्ड क्रूझर साधारण 65 हॉर्सपॉवर आणि 260 किलो, तर 600 ची सुपरस्पोर्ट 115 च्या आसपास आणि 190 किलो, म्हणजे किलोमागे ताकद दुपटीहून जास्त. क्रूझर खालच्या आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जोर देते, 600 च्या सुपरस्पोर्टचा खरा जोर 10,000 च्या पुढे येतो, आधी शांत वाटते आणि मग एकदम सुटते.

अजून एक, उभ्या बाईकवर बसून पुढे वाका आणि हात हँडलवरून उचलून बघा. नाही उचलता आले तर तुमचं वजन मनगटांवर आहे, खड्ड्यात हात हलला की थ्रॉटलही हलणार. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपरं सैल ठेवा, आणि बाईकला रेन मोड (ताकद सौम्यपणे देणारी सेटिंग) असेल तर सुरुवातीला तोच लावा प्लीज.