बारा इंची सिंगल आणि एलपी : ओळख, फरक आणि डिजिटल जतन

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यातील एखाद्या जुन्या घराची आवराआवर होते आणि माळ्यावरून रेकॉर्डींचा गठ्ठा खाली येतो, तेव्हा त्यातील बारा इंच व्यासाची प्रत्येक तबकडी ‘एलपी’ या एकाच नावाने मोजली जाते. भंगारवाला तेच म्हणतो आणि लग्नसराईत भोंगे लावून रेकॉर्डी वाजवणाऱ्या मंडळींची पुढची पिढीही तेच म्हणते. हिंदी चित्रपटगीतांच्या गठ्ठ्यात हे नाव बहुतेक वेळा चालून जाते. मात्र गठ्ठ्यात १९७६ नंतरच्या परदेशी पॉप गाण्यांच्या तबकड्या असतील, तर त्यांतील काही एलपी नसून बारा इंची सिंगल (एका बाजूला बहुधा एकच गाणे असलेल्या मोठ्या तबकड्या) असण्याची दाट शक्यता असते. आकार तोच, काळे व्हिनाइल तेच, कव्हरचे मापही तेच. पण या दोन वस्तू वेगळ्या हेतूने घडवलेल्या आहेत, त्यांच्यावर ध्वनी वेगळ्या रीतीने कोरलेला आहे, आणि संगणकावर उतरवून घेताना दोन्हींना एकच माप लावले तर नुकसान बहुधा सिंगलचे होते.

एलपी (लाँग प्ले) हा प्रकार कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत, हा त्याचा लाभ होता. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली आणि एका बाजूला एक गाणे असलेली सिंगल पुढे तिच्यावरच रुळली. या सात इंची सिंगलवर तीन-चार मिनिटांचे गाणे चांगले बसत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या डिस्कोथेकमध्ये मात्र तेवढे पुरेनासे झाले, कारण नाचणाऱ्यांना रंग चढेपर्यंत गाणे संपत असे. टॉम मोल्टन यांनी गाण्यातील तालाचे भाग लांबवून त्यांची दीर्घ रूपे तयार करण्याची वाट घालून दिली, आणि अशी रूपे डीजेंना देण्यासाठी मोठ्या तबकडीवर कोरली जाऊ लागली. मोठ्या तबकडीवर एकच गाणे पसरून कोरले की आवाज अधिक मोठा आणि खर्ज अधिक भरदार मिळतो, हे त्या मंडळींच्या लगेच ध्यानात आले. १९७६ मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे वॉल्टर गिबन्स यांनी केलेल्या नऊ मिनिटांहून लांब मिश्रणात (मिक्समध्ये) बारा इंची तबकडीवर विक्रीस काढले. सर्वसामान्य ग्राहकांसाठी निघालेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून ते ओळखले जाते.

आवाजातील हा फरक कुठून येतो, ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. बारा इंची तबकडीवर खाचा कोरण्यासाठी कडेपासून लेबलपर्यंत साधारण ८६ मिलिमीटर रुंदीचा पट्टा उपलब्ध असतो. एलपीच्या एका बाजूवर २२ मिनिटांचे संगीत असेल, तर ३३⅓ च्या वेगाने सुमारे ७३३ फेऱ्या त्या पट्ट्यात बसवाव्या लागतात. सात मिनिटांचे एकच गाणे ४५ च्या वेगाने कोरायचे असेल, तर ३१५ फेऱ्या पुरतात. म्हणजे प्रत्येक फेरीच्या वाट्याला दुपटीहून जास्त जागा येते. खर्जाचा आवाज खाचेला आडवे मोठे हेलकावे देतो आणि शेजारच्या फेरीला धक्का न लागता ते हेलकावे सामावून घ्यायचे, तर ही मोकळी जागा हवीच. एलपीवर ती नसते, म्हणून तिथे आवाजाची पातळी खाली आणावी लागते किंवा खर्ज आवरता घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट सुईखालून खाच सरकण्याच्या वेगाची. ३३⅓ फेऱ्यांवर तो कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो आणि लेबलजवळ सुमारे २१ सेंटीमीटर उरतो. ४५ फेऱ्यांवर हेच आकडे ६९ आणि २८ होतात. वेग जितका कमी, तितके तार आवाजाचे बारीक तपशील कमी लांबीत कोंबले जातात. एलपीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. बारा इंची सिंगलवर गाणे बेताच्या लांबीचे असेल, तर खाच लेबलच्या बरीच अलीकडे थांबवता येते आणि हा अडचणीचा पट्टा टाळता येतो.

इतके समजल्यावर ४५ चा आकडा दिसला की सिंगल आणि ३३⅓ दिसला की एलपी, असा नियम करण्याचा मोह होतो, पण तो नियम टिकत नाही. ब्रिटनमधील बारा इंची सिंगल बहुधा ४५ फेऱ्यांच्या असतात, तर अमेरिकेतील अनेक सिंगल ३३⅓ फेऱ्यांच्या निघाल्या. उलट आपल्याकडे एचएमव्हीने हिंदी चित्रपटांची गाणी असलेल्या बारा इंची तबकड्या ४५ फेऱ्यांवरही काढल्या. त्यांचा कॅटलॉग क्रमांक ‘४५एनएलपी’ असा सुरू होतो, त्यांच्यावर चित्रपटाची अनेक गाणी असतात आणि त्या कोणत्याही अर्थाने सिंगल नव्हेत. खानदेशातील जुन्या संग्रहांत त्या सापडतात, आणि ३३⅓ वर लावून ‘रेकॉर्ड बिघडली आहे’ असे म्हणत त्या बाजूला टाकल्या जातात. तिसरा घोळ डीजे मंडळींना वर्गणीने मिळणाऱ्या तबकड्यांचा आहे. अमेरिकेत १९७७ मध्ये सुरू झालेली डिस्कोनेट आणि ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये सुरू झालेली डीएमसी यांसारख्या सेवा खास डीजेंसाठी केलेली मिश्रणे पुरवीत असत, आणि एका तबकडीवर अनेक गाणी असल्याने त्यांचा पसारा एलपीसारखा दिसतो. मजकूर मात्र पूर्णपणे रिमिक्सचा असतो.

म्हणून मी आधी तबकडी तिरप्या उजेडात धरून खाचा पाहतो. एलपीवर गाण्यांमधील गुळगुळीत पट्ट्या स्पष्ट दिसतात आणि गाण्यांचे पट्टे दाट, एकसारखे असतात. सिंगलवर एकच रुंद पट्टा असतो, खाचा विरळ असतात, आणि खर्ज जोरात असलेल्या ठिकाणी त्या अधिक पसरलेल्या नुसत्या डोळ्यांनीही कळतात. त्यानंतर लेबलवरील गाण्यांची संख्या, कालावधी आणि मिश्रणाचे नाव वाचावे. लेबलभोवतीच्या मोकळ्या कड्यात हाताने किंवा ठशाने कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो, तोही भिंगाखाली पाहून लिहून घ्यावा, कारण लेबल सारखे असूनही दोन प्रतींवरील मिश्रण वेगळे असल्याचे त्यावरून उमगू शकते.

मिश्रणाचे नाव महत्त्वाचे अशासाठी, की गाण्याचे शीर्षक दोन्हीकडे एकच असते. आपल्याकडे जुने गाणे नव्या गायकाकडून गाऊन घेऊन त्याला ठेका जोडण्यालाही रिमिक्स म्हटले गेले. इथे तो प्रकार अभिप्रेत नाही. बारा इंची रिमिक्समध्ये बहुधा मूळ गायकाचाच आवाज आणि मूळ बहुपदरी टेप वापरलेली असते. तालाचा भाग सुरुवातीला एकटा सोडलेला असतो, मध्येच सारी वाद्ये काढून नुसता ढोल आणि बास ठेवलेला असतो आणि मग एकेक थर परत येतो. मागच्या बाजूला बरेचदा गायन जवळजवळ काढून टाकलेले, प्रतिध्वनींनी भरलेले ‘डब’ रूप किंवा निव्वळ वाद्यसंगीत असते. एलपीवरील त्याच नावाचे गाणे या साऱ्याला पर्याय ठरू शकत नाही.

संगणकावर उतरवण्याआधी तबकडीची अवस्था पाहावी लागते, आणि आपल्या भागात उन्हाळा व धूळ हे दोन प्रश्न मोठे आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेवढ्याने व्हिनाइल मऊ होत नाही, पण पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्याच्या कितीतरी वर चढते आणि तबकडी वाकते. जुन्या धाब्याच्या घरांतील रेकॉर्डी तुलनेने सरळ राहिलेल्या मला दिसतात. वाकलेली सिंगल वाकलेल्या एलपीपेक्षा जास्त त्रास देते, कारण ४५ च्या वेगाने सुईला तोच चढउतार अधिक घाईने करावा लागतो. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार खाचांत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी स्वस्त आहे आणि शेवटचे खळबळणे तरी त्यानेच करावे.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. सिंगलवरील आवाज एलपीच्या मानाने बरेचदा काही डेसिबलनी मोठा कोरलेला असतो. एलपी वाजवून पातळी ठरवली आणि तीच ठेवून सिंगल लावली, तर ढोलाचे ठोके वरून छाटले जातात, आणि छाटलेला ध्वनी कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही. यासाठी पातळी संग्रहातील सर्वांत जोरकस सिंगलवर ठरवावी आणि कमाल शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवावे. २४ बिटमध्ये मुद्रण करत असल्यास त्या पातळीवर एलपीचा आवाज थोडा लहान आला तरी काही हरवत नाही. सिंगलची सुरुवात ऐकून पातळी ठरवणेही धोक्याचे आहे, कारण तिथे केवळ ताल असतो आणि खरा जोर मधल्या विसाव्यानंतर सारे थर एकत्र येतात तेव्हा येतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे ३४.५ मेगाबाइट लागतात. आठ मिनिटांच्या मिश्रणाची फाइल २७६ मेगाबाइटच्या घरात जाते. मूळ फाइल फ्लॅक स्वरूपात ठेवली, तर गुणवत्ता न गमावता जागा वाचते.

वेग चुकला तर तो कानाने ओळखता येतो. ४५ ची तबकडी ३३⅓ वर लावली, तर मध्य सप्तकातील षड्ज जवळपास मंद्र पंचमावर उतरतो. अशा चुकीच्या वेगाने केलेले मुद्रण नंतर संगणकावर वेगवान करून घेऊ, ही सूचना काही जण देतात. मला ती मान्य नाही. तबकडी कोरताना खर्ज कमी आणि तार स्वर वाढवून कोरलेले असतात, आणि १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाची संघटना) मानकाप्रमाणे प्रीअ‍ॅम्प (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) त्याची भरपाई ठरावीक कंपनसंख्यांवर करतो. वेग चुकला की ती भरपाईच चुकीच्या जागी होते, आणि नंतर स्वर जागेवर आला तरी ध्वनीचा पोत जागेवर येत नाही.

वेगातील बारीक चूकही सिंगलच्या बाबतीत अधिक बोचते. एक टक्का जलद फिरणाऱ्या यंत्रावर आठ मिनिटांचे गाणे सुमारे पाच सेकंद आधी संपते आणि मिनिटाला १२० ठोक्यांचा ताल १२१ च्या वर जातो. एका गाण्यातून दुसऱ्यात सफाईने शिरण्यासाठी बनवलेल्या संगीतात हे चालत नाही. तपासणीसाठी स्ट्रोब तबकडी (वेग बरोबर असला की विजेच्या दिव्याखाली जिच्यावरील रेघा स्थिर दिसतात ती) वापरताना ती ५० हर्ट्झची आहे ना, हे पाहावे. ३३⅓ साठी आपल्या विजेवर १८० रेघा लागतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी छापलेल्या तबकडीवर त्या २१६ असतात आणि तिच्या आधाराने लावलेला वेग चुकतो.

आपोआप खरखर काढणाऱ्या साधनांपासून सिंगल सांभाळावी लागते. टाळीचा, ड्रम मशीनचा किंवा झांजेचा तीक्ष्ण ठोका आणि ओरखड्याचा टक् आवाज यांत हे साधन गल्लत करते. एलपीवरील संथ गाण्यात जे प्रमाण निर्धोक ठरते, तेच नृत्याच्या मिश्रणात ठेक्याची धार बोथट करते. मी मोठे ओरखडे एकेक शोधून हाताने दुरुस्त करतो आणि बारीक खरखर तशीच राहू देतो. फाइलच्या नावात गाण्याच्या शीर्षकासोबत लेबलवरील मिश्रणाचे नाव, कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, बाजू आणि वेग लिहितो.

या फाइली स्वतःच्या ऐकण्यासाठी व अभ्यासासाठी ठेवाव्यात, इंटरनेटवर वाटू नयेत. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९७६ ची सिंगलही २०३६ संपेपर्यंत त्यात मोडते.

वेळ आणि डिस्कची जागा मर्यादित असेल, तर आधी सिंगल उतरवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. गाजलेल्या एलपी सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर पुन्हा पुन्हा निघाल्या. बारा इंची तबकडीच्या मागच्या बाजूवरील डब आणि डीजेंपुरती काढलेली मिश्रणे यांपैकी कित्येक त्या तबकडीबाहेर कधी आलीच नाहीत.