गणित आणि गणित-शिक्षक शिक्षणातलं अकॅडमिक करिअर

गणित-शिक्षक शिक्षण म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्यांना आणि पुढे शिकवणार असलेल्यांना त्या कामासाठी तयार करणं, आणि हे तयार करणं नेमकं कसं होतं याचा अभ्यास करणारी जी विद्याशाखा आहे तिलाही हेच नाव आहे. या क्षेत्रात करिअर करणारा माणूस दोन घरांचा असतो. एकीकडे गणित विभाग, जिथे प्रमेयं, पेपर आणि पीएचडी, आणि दुसरीकडे बीएड कॉलेज, डाएट (शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्हास्तरावरची सरकारी संस्था), पाठ्यपुस्तक मंडळ, जिल्हा परिषदेच्या शाळा. आपल्याकडे ही दोन घरं एकमेकांकडे फारशी जात-येत नाहीत. गणितातल्या लोकांना वाटतं शिकवायला काय विशेष लागतं, विषय आला की झालं, आणि शिक्षणशास्त्रातल्या बऱ्याच जणांना वाटतं पद्धत आली की कुठलाही विषय शिकवता येतो. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि ते का चुकीचे आहेत हे गेल्या शंभरेक वर्षांत बऱ्यापैकी तपशिलात समोर आलंय.

सुरुवात फेलिक्स क्लाइनपासून करावी लागते. हा जर्मन गणिती (१८४९–१९२५), वयाच्या २३ व्या वर्षी एर्लांगेनला प्रोफेसर झालेला, आतबाहेर नसलेली ती क्लाइन बॉटल ज्याच्या नावाने ओळखली जाते तोच. पुढे ग्योटिंगेनला असताना १९०८ च्या आसपास त्याने खास शाळाशिक्षकांसाठी व्याख्यानं दिली आणि त्यात एक गोष्ट मांडली जिला आज दुहेरी तुटलेपण म्हणतात. शाळेतून युनिव्हर्सिटीत गेलेल्या पोराला तिथलं गणित शाळेच्या गणिताशी जोडलेलंच वाटत नाही, ही पहिली तूट, आणि तोच पोरगा डिग्री घेऊन शिक्षक म्हणून शाळेत परत येतो तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकलेलं काही वापरता येत नाही म्हणून तो आपल्याला शाळेत जसं शिकवलं होतं तसंच शिकवायला लागतो, ही दुसरी. मधली वर्षं फक्त आठवण म्हणून उरतात. आपल्याकडे एमएससी बीएड झालेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, ग्रुप थिअरी आणि रियल अॅनालिसिस सातवीच्या वर्गात कुठे उपयोगी पडलं म्हणून, बहुतेक जण गप्प होतील. खरं तर ऋण गुणिले ऋण धन का होतं याचं उत्तर त्याच ग्रुप-रिंगच्या नियमांत बसलेलं आहे (वितरणाचा नियम टिकवायचा असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही), पण ते जोडून दाखवणारं कोणी भेटलेलं नसतं. १९०८ मध्येच रोमला भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये गणित-शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि क्लाइन त्याचा पहिला अध्यक्ष झाला. तो आयोग आजही आहे.

दुसरा मोठा टप्पा १९८६ चा. अमेरिकेत ली शुलमन यांनी मांडलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या यांच्यामध्ये एक तिसरं ज्ञान असतं, जे फक्त तो विषय शिकवणाऱ्याकडेच असतं. कुठलं उदाहरण घ्यायचं, मुलं कुठे हमखास अडतात, चुकीच्या उत्तरामागे कुठला विचार आहे, हे सगळं त्यात येतं. समजा मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. चूक आहे हे कोणालाही कळेल, पण मुलाने दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय हे ओळखणं, आणि आता त्याच्यापुढे पुन्हा उसना घ्यायचा नियम म्हणण्यापेक्षा दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायला हवा हे सुचणं, हे इंजिनिअरला किंवा सीएला लागत नाही, शिक्षकाला रोज लागतं. आणि हे गणितच आहे, याला मानसशास्त्राचा भाग म्हणून बाजूला काढता येत नाही.

हीच दिशा डेबोरा बॉल यांनी पुढे नेली. त्या मुळात प्राथमिक शिक्षिका, नंतर मिशिगनमध्ये प्राध्यापक झाल्यावरही तिसरीच्या वर्गाला गणित शिकवत राहिल्या आणि १९८९-९० चं अख्खं वर्ष वर्गातलं काम रेकॉर्ड करून ठेवलं. त्यातला एक प्रसंग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. शॉन नावाने ओळखला जाणारा एक मुलगा म्हणतो की ६ ही संख्या समही आहे आणि विषमही, कारण त्यात दोनाचे तीन गट आहेत आणि तीन विषम आहे. आपण असतो तर काय केलं असतं, चूक म्हणून पुढे गेलो असतो. बॉल यांनी ते वर्गात चर्चेला ठेवलं, मुलांनी शोधलं की २, ६, १०, १४ अशा बऱ्याच संख्यांना हा गुण आहे आणि अशा संख्यांना त्यांनी शॉनचंच नाव दिलं. आता ही चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या संख्यांची ओळख आहे हे शिक्षकाला दिसलं पाहिजे, आणि तरीही ६ विषम नाही ही व्याख्या सुटता कामा नये. एवढं सगळं काही सेकंदांत ठरवायचं. बॉल यांच्याबरोबर पुढे काम केलं हायमन बॅस यांनी, आणि हे नाव मुंबईलाही परकं नाही. बॅस हे बीजगणितातले, के-थिअरीतले मोठे गणिती, १९६० च्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) त्यांनी दिलेल्या व्याख्यानांच्या नोट्स संस्थेने छापल्या आहेत. पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष झालेला हा माणूस तिसरीच्या वर्गाचे व्हिडिओ बघत तासन्तास बसायचा, की शिकवताना बाई नेमकं कुठलं गणित करतायत. गणित-शिक्षक शिक्षणाला गणितज्ञांच्या बाजूने मान मिळाला त्यात याचा वाटा मोठा आहे.

१९९९ मध्ये लिपिंग मा यांनी पुस्तकात मांडलेली तुलनाही इथे सांगायला हवी. अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक, प्रश्न साधा, पावणेदोन भागिले अर्धा किती आणि यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. भागाकाराचं उत्तर चिनी शिक्षकांत सगळ्यांचं बरोबर आलं, अमेरिकनांपैकी निम्म्याहून कमी जणांचं पूर्ण बरोबर आलं, आणि योग्य शाब्दिक उदाहरण अमेरिकनांत फक्त एकाला जमलं. बरेच जण अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटण्याची गोष्ट सांगत होते. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर साडेतीन पिशव्या होतात, एवढंच ते उदाहरण. यात एक मजेची गोष्ट म्हणजे हा प्रश्न मराठीत वाचला की प्रश्न आणि उत्तर दोन्हींना आपल्याकडे सरळ रोजच्या वापरातले शब्द आहेत. आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी पाठ केलेली, अपूर्णांकांचे पाढेच ते. ते पाठांतर समजून केलेलं होतं का हा वेगळा प्रश्न, पण हे शब्द वर्गात आणायला कोणी हरकत घेणार नाही आणि बीएडच्या गणित मेथडमध्ये, म्हणजे गणित कसं शिकवायचं या विषयात, ते क्वचितच येतात याचं वाईट वाटतं.

मराठीतली संख्यानावं

शिक्षकाचं म्हणून जे खास गणित असतं त्याचं मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण संख्यानावांचं. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी आणि ३ नंतर. म्हणून पहिली-दुसरीचं मूल तेवीसला ३२ लिहितं. ते निष्काळजीपणाने लिहीत नाही, कानाला जे ऐकू आलं त्याच क्रमाने लिहितं. एकोणतीसमध्ये तर वजाबाकी लपलीय, तिसात एक उणा, आणि मुलाला फक्त तीस ऐकू येतं. बरं हा नियमही शेवटपर्यंत चालत नाही, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद आहेत पण ९९ ला नव्व्याण्णव. त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यात तिनाचं रूप बदलत जातं आणि पन्नासचं पन्न होतं. इंग्रजीत वीसनंतर क्रम लिहिण्यासारखाच असतो, दाक्षिणात्य भाषांतही साधारण तसंच. मराठी शाळेतल्या शिक्षकाला ही अडचण माहीत असायला हवी आणि ती कुठल्या परदेशी पुस्तकात मिळणार नाही, आपल्यालाच शोधावी आणि लिहावी लागेल.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस तीन, सत्तर पाच असं वाचायची रीत दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या (१९४३–२०२३). या करिअरचं मराठीतलं उदाहरण कोणाचं द्यायचं तर त्यांचंच. १९६४ ला मुंबई विद्यापीठातून सुवर्णपदकासह एमए, टीआयएफआरमध्ये संशोधन, मग लग्न, केंब्रिज, मुली, घर, आणि १९८१ ला संख्याशास्त्रात (स्टॅटिस्टिक्स) नव्हे तर संख्यांच्या सिद्धांतात (नंबर थिअरी) पीएचडी. मध्ये सतरा वर्षं गेली. पण त्याच सगळ्या काळात आणि नंतरही त्या शिकवत राहिल्या, मुलांसाठी मराठीत गणितावर लिहीत राहिल्या आणि उतारवयात पाठ्यपुस्तकाच्या कामाला बसल्या. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की जोडाक्षरांनी भरलेली, उलट्या क्रमाची नावं लहान मुलांना अडतात म्हणून दुसरी सोपी वाट सोबत ठेवा, जुने शब्द काढलेले नव्हतेच. भाषा बुडाली म्हणून जी ओरड झाली त्यात हा मुद्दा फारसा कोणी ऐकून घेतला नाही. मला आजही वाटतं की ज्यांनी कधी दुसरीच्या मुलाची वही तपासलीय त्यांनी तरी त्या वेळी बोलायला हवं होतं.

वाट कशी असते

गणिताच्या बाजूची वाट बहुतेकांना माहीत असते, बीएससी, एमएससी, मग प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, म्हणजे सीएसआयआर नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट, पीएचडी आणि कायम जागा मिळेपर्यंत सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने मिळणाऱ्या मानधनावर, तासिका. शिक्षक-शिक्षणाच्या बाजूला बीएड कॉलेजात गणित मेथड शिकवायची असेल तर नियमानुसार विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एमएड दोन्ही लागतात, म्हणजे एमएससी एमएड. ऐकायला दोन्ही घरं जोडणारी अट वाटते पण प्रत्यक्षात एमएससीचं गणित आणि एमएडचं शिक्षणशास्त्र एकाच माणसाच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतं, क्लाइनने सांगितलेलंच. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, इंटर्नशिप वाढलीय, आणि २०२० च्या धोरणानंतर बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित कोर्स सुरू झाला ज्यात विषय आणि अध्यापन पहिल्यापासून बरोबर शिकवायचं ठरवलंय. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत असा चार वर्षांचा बीएससी बीएड खूप आधीपासून होता.

संशोधन करायचं असेल तर मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे देशातलं महत्त्वाचं ठिकाण. १९७४ मध्ये नाना चौकातल्या म्युनिसिपल शाळेत टीआयएफआरच्या लोकांनी ते सुरू केलं, वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक, पुढे मानखुर्दला स्वतःची जागा झाली. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला सुरुवातीच्या काळात त्यांनी ग्रामीण शाळांत काम केलं होतं. आज या केंद्रात गणित-शिक्षणात पीएचडी करता येते, म्हणजे प्रमेयाऐवजी मुलं अपूर्णांक कसे समजून घेतात किंवा शिक्षक प्रशिक्षणानंतर वर्गात खरंच काय बदलतं यावर प्रबंध लिहायचा. परदेशात हा विषय बराच स्थिरावलाय. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल हा टोपॉलॉजीतला नावाजलेला माणूस उत्तरायुष्यात पूर्ण याच कामाला लागला आणि त्याच्या नावाने उत्रेख्तला संस्था उभी आहे.

गणित-शिक्षक तयार करणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस कसा असतो तर सकाळी एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसून विद्यार्थी-शिक्षकाचा पाठ बघायचा, हातात पाठ टाचण. टाचणात उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन सगळं नीट लिहिलेलं असतं. फळ्यावर दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश चाललंय आणि तिसऱ्या ओळीतली मुलगी वहीत तीन सप्तमांश लिहून बसलीय, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून. पाठ संपल्यावरच्या चर्चेत आवाज, फळ्याचा वापर, वेळेचं नियोजन यावर शेरे देणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा तेच होतं. जाणता शिक्षक-प्रशिक्षक आधी त्या मुलीची वही मागवतो, विद्यार्थी-शिक्षकाला शेजारी बसवतो आणि विचारतो की हिला सात कुठून मिळाले असतील, आणि तीन सप्तमांश हे आपण सुरुवातीला घेतलेल्या दोन तृतीयांशपेक्षा मोठे की लहान, ते हिला कसं दाखवशील.