जबड्याला पुरून उरला, हाताला सापडला

तातू-बोला हा ब्राझीलचा तीनपट्टी आर्माडिलो, म्हणजे अंगावर हाडाचं कवच असलेला छोटा सस्तन प्राणी. धोका जाणवला की तो फार लांब पळत नाही. जागीच पाठ वाकवतो, पाय आणि कान आत ओढून घेतो आणि पाहता पाहता त्याचा चेंडू होतो. ही करामत जवळून बघण्यासारखी आहे. खांद्यांवर एक मोठं कवच, कमरेवर दुसरं आणि मधे सहसा तीन पट्टे. या पट्ट्यांमधली कातडी लवचीक असते, त्यामुळे ते बिजागरीसारखे वाकतात. कवचाच्या कडा अंगाला चिकटलेल्या नसतात, खाली मोकळ्या लोंबतात, आणि त्या पोकळीत पाय मावतात. शेवटी डोक्यावरची त्रिकोणी ढाल आणि शेपटीवरची ढाल एकमेकींच्या शेजारी घट्ट बसतात आणि उरलेली फट बुजते. आर्माडिलोंच्या जगात वीसेक जाती आहेत, पण पूर्ण बंद होणं जमतं ते फक्त तीनपट्टी वंशातल्या दोन जातींना. बाकीच्यांची भिस्त पळण्यावर आणि बिळावर.

आपल्याकडचे वाचक इथे खवले मांजर आठवतील. तेही गुंडाळून घेतं, मुंग्या-वाळवी खातं, आणि त्याचीही शिकार होते. पण दोघांचं नातं काही नाही. खवल्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. आर्माडिलोच्या कवचात खरं हाड असतं, वर शिंगासारखा पातळ थर. एकाच अडचणीवर उत्क्रांतीने वेगवेगळ्या खंडांत काढलेले हे दोन वेगळे तोडगे.

तातू-बोला ब्राझीलबाहेर कुठेच नाही. वजन जेमतेम दीड किलो. चालतो तो पुढच्या पायांच्या नखांच्या टोकांवर. इतर आर्माडिलोंसारखी बिळं खोदण्याचा त्याला नाद नाही, झुडपाखाली पालापाचोळ्यात अंग टाकतो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. बंद चेंडूत दात रोवायला जागा नसल्यामुळे बहुतेक शिकारी प्राणी हात हलवत परततात. माणसाला मात्र ना कुत्रा लागतो, ना सापळा, ना फावडं. वाकायचं आणि उचलून पोत्यात टाकायचं. लाखो वर्षं कामी आलेला बचाव माणसापुढे उलटा पडला. विसाव्या शतकात एक काळ असा आला, की हा प्राणी बहुधा संपला असंच अभ्यासक धरून चालले होते. १९९० च्या आसपास ईशान्य ब्राझीलमध्ये मोजक्या ठिकाणी तो पुन्हा सापडला. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. ब्राझीलने २०१४ साली केलेल्या स्वतःच्या यादीत तो त्याहून गंभीर, ‘संकटग्रस्त’ गटात होता.

ब्राझीलमध्ये वन्यप्राण्यांच्या शिकारीवर १९६७ पासून कायद्याने बंदी आहे. तरी ती चालते, आणि फक्त तिच्यावर खापर फोडून भागत नाही. कारण प्राण्याइतकंच त्याचं घरही कमी होतंय.

हे घर म्हणजे मुख्यतः कातिंगा. ईशान्य ब्राझीलचं काटेरी, शुष्क जंगल. साडेआठ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेतीन पट. पाऊस वर्षाच्या काही महिन्यांत उरकतो, आणि एखाद्या वर्षी तोही दगा देतो. कोरड्या महिन्यांत झाडं पानं टाकतात, सगळीकडे राखाडी-पांढऱ्या फांद्या आणि मधे मांदाकारू निवडुंगाचे हिरवे खांब. नवख्याला वाटावं, जंगल मेलं. पण उंबूचं झाड मुळांवरच्या गाठींत पाणी साठवून बसलेलं असतं, आणि जुआझेरू ऐन दुष्काळातही हिरवं राहतं. उंबू आपल्या आंबाड्याच्या वंशातला, जुआझेरू आपल्या बोरीच्या. पहिला पाऊस पडला की काही दिवसांत सगळं जंगल पालवतं.

वर्षातले बरेच महिने वाळलेलं दिसणं हेच या जंगलाला नडलं, असं मला वाटतं. १९८८ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेने ॲमेझॉन, अटलांटिक जंगल, पांतानालचा पाणथळ प्रदेश यांना नाव घेऊन राष्ट्रीय वारसा म्हटलं. त्या वाक्यात कातिंगा नाही. (आपण तरी काय वेगळं करतो? माळरानं आणि खुरटी झुडपं आपल्या सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून रंगवलेली असतात.) कातिंगाचा जवळपास निम्मा भाग आजवर बदलून गेला आहे: शेती, गुरं-शेळ्यांची चराई, सरपण, कोळसा. पर्नाम्बुको राज्यातल्या आरारिपी भागात जिप्सम भाजायच्या भट्ट्या आहेत, त्यांच्या पोटातही हेच लाकूड जातं. कडक संरक्षण असलेला भाग दोन-तीन टक्क्यांच्या पुढे नाही.

या प्राण्याला एकदा अख्ख्या जगासमोर यायची संधी मिळाली होती. सिआरा राज्यातल्या ‘असोसियासाव कातिंगा’ या संस्थेने २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचं शुभचिन्ह म्हणून त्याचं नाव सुचवलं. स्वतःचा चेंडू करणारा प्राणी, याहून नेमकं काय हवं? फिफाने तो निवडला, ‘फुलेको’ नावाने त्याच्या बाहुल्या जगभर विकल्या गेल्या. प्राण्याच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही, अशी तक्रार संस्थेने जाहीरपणे केली. स्पर्धेआधी ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी एक मजेदार पण गंभीर मागणी मांडली होती: पडेल त्या प्रत्येक गोलमागे कातिंगाचं हजार हेक्टर जंगल राखा. स्पर्धेत १७१ गोल झाले. हिशेब १ लाख ७१ हजार हेक्टरांचा झाला, तो कुणी चुकता केला नाही.

पण गाजावाजा अगदीच वाया गेला असंही नाही. २०१४ मध्येच ब्राझीलच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेने या प्राण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०१५ मध्ये पर्नाम्बुको राज्याने पेट्रोलिना परिसरात सुमारे १ लाख १० हजार हेक्टरचं ‘तातू-बोला वन्यजीव आश्रयस्थान’ जाहीर केलं. त्यात खासगी जमिनीही राहू शकतात, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना बाजूला सारून काही साधणार नाही.

असोसियासाव कातिंगाचा स्वतःचा जन्म मेणातून झालाय. कातिंगातल्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचं मेण फरशीच्या पॉलिशला लागतं. त्याच्या शोधात १९३५ साली अमेरिकेतल्या एस. सी. जॉन्सन कंपनीचे मालक विमानाने ब्राझीलला गेले. १९९८ मध्ये त्यांच्या मुलाने तोच प्रवास पुन्हा केला आणि त्याच्या देणगीतून संस्था आणि ‘सेहा दास आल्मास’ हे सुमारे सहा हजार हेक्टरचं खासगी राखीव जंगल उभं राहिलं.

या संस्थेच्या कामात मला सगळ्यात पटते ती चूल. आसपासच्या गावांत कमी लाकडात शिजवणाऱ्या, धूर बाहेर काढणाऱ्या चुली बांधून दिल्या जातात. त्याने बाईच्या डोक्यावरची मोळी हलकी होते आणि झाडावरची कुऱ्हाडही. दुसरं काम पाण्याचं. छपरावरचं पाणी घराशेजारच्या १६ हजार लिटरच्या टाकीत साठवायची पद्धत त्या मुलखात २००३ पासून मोठ्या प्रमाणावर पसरली, आणि दहा लाखांहून जास्त टाक्या बांधून झाल्या. कोरड्या महिन्यांत घरात पिण्यापुरतं पाणी असलं, तर माणूस गाव सोडत नाही आणि जंगल राखण्याच्या गोष्टी ऐकून घ्यायलाही त्याला सवड होते.

आता त्याच मुलखात वारा आणि ऊन दोन्ही मुबलक म्हणून पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांची रांग लागली आहे. वीज स्वच्छ, हे खरंच. पण रस्त्यांसाठी आणि पॅनलांसाठी आधी झुडुपं साफ केली जातात, आणि बिळात न शिरणाऱ्या प्राण्याला लपायला तेवढीच तर जागा असते.