दोन पेट्या उरल्या, तरी निम्मी शक्यता नाही

दिंडोरीच्या बागेतून आलेल्या द्राक्षांच्या तीन बंद पेट्या आहेत असं समजा. प्रत्येकीत दोनच घड. एकीत दोन्ही हिरवे थॉमसन, दुसरीत दोन्ही काळे शरद, तिसरीत एकेक. कुठलीही पेटी घेतली, न बघता एक घड काढला, थॉमसन निघाला. त्याच पेटीतला दुसरा घडही थॉमसन असण्याची शक्यता किती?

‘निम्मी’, असं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. शरदची पेटी बाद, उरल्या दोन, मग फिफ्टी-फिफ्टी! ऐकायला चोख, पण चूक. कोडं मूळचं फ्रेंच गणिती जोसेफ बेर्त्राँ यांचं, १८८९ सालचं. त्यांच्या पेट्यांत अर्थात सोन्याचांदीची नाणी होती.

सूत्र राहू द्या. पेटी निवडायची, घड काढायचा, नोंद करायची, घड परत ठेवायचा, असं ६०० वेळा करू. प्रत्येक पेटी साधारण २०० वेळा येईल. आता शरद निघालेल्या सगळ्या नोंदींवर काट मारा. सशर्त संभाव्यतेतली (एक गोष्ट घडली हे कळल्यावर दुसरीची शक्यता) ‘अट’ म्हणजे एवढंच. उरल्या सुमारे ३०० नोंदी. त्यातल्या २०० थॉमसनच्या पेटीच्या, कारण तिथे दर खेपेला थॉमसनच निघतो. मिश्र पेटीच्या जेमतेम १००, तिच्या निम्म्या नोंदी काटेत गेल्या. उत्तर दोन तृतीयांश. पेट्या दोनच उरल्या हे खरं, पण दोघींचा वाटा सारखा नाही.

हातानं करायला कंटाळवाणं आहे, संगणकाला मात्र लाखभर खेपा म्हणजे काहीच नाही. १९४६मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडत बसलेल्या गणिती स्तानिस्लाव उलाम यांना हीच वाट सुचली: डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेली बरी. त्यातूनच पुढे अशा खेपा मोजून उत्तर काढण्याची ‘मोंटे कार्लो’ पद्धत उभी राहिली. तिची एक खोड आहे. उत्तरातली चूक निम्म्यावर आणायची तर खेपा चौपट लागतात, आणि अट दुर्मीळ असेल तर बहुतेक मेहनत काटेतच जाते.

आता जरा चकवा. पेटीत १० घड, त्यातले ३ सडके. पहिला घड न बघताच बाजूला ठेवला, दुसरा काढला तो सडका. मग पहिला सडका असण्याची शक्यता? ‘तो तर आधीच निघाला, दुसऱ्यामुळे त्याला काय फरक पडणार?’ घडाला नाहीच पडत. फरक पडतो तो कुठल्या नोंदी ठेवायच्या याला. ९०० खेपांत दुसरा सडका निघतो सुमारे २७० वेळा, त्यात पहिलाही सडका सुमारे ६० वेळा. म्हणजे नवात दोन. पहिला सडका दिसल्यावर दुसऱ्याबद्दल विचारलं असतं, तरी हेच उत्तर आलं असतं.