‘कमोडोर’चा भाग इतका नावडता का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘कोलंबो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या (त्याच नावाच्या गबाळ्या पोलीस अधिकाऱ्याच्या तपासकथांच्या) जुन्या भागांवर गप्पा सुरू झाल्या की थोड्याच वेळात गाडी ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’वर येते आणि तिथे आवाज चढतात. २ मे १९७६ रोजी अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला हा भाग पाचव्या हंगामातला शेवटचा. सत्तरच्या दशकातल्या भागांची क्रमवारी कुणीही लावो, हा सहसा तळाशीच सापडतो. ‘हा कोलंबोचा भागच नाही’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘एवढं धाडस मालिकेने दुसऱ्यांदा केलं नाही’ असं म्हणणारे थोडे आहेत, पण चिवट आहेत. गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकाच शब्दाचा आधार घेतात: ‘उलटी’ रहस्यकथा. (पुढे खुनी कोण ते सांगितलं आहे. भाग जवळपास पन्नास वर्षांचा झाला, आता कुणाला हळहळ वाटू नये.)

आधी हा शब्द सोडवू, कारण निम्मं भांडण त्याच्यामुळेच आहे.

नेहमीच्या रहस्यकथेत प्रेत आधी सापडतं आणि खुनी शेवटी. उलट्या कथेत खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. कुणी केला, कसा केला, का केला, सगळं कळलेलं असतं. उरतं एवढंच की हा माणूस सापडणार कसा. इंग्रजीत पहिल्या प्रकाराला ‘हूडनिट’ म्हणतात आणि दुसऱ्याला गमतीने ‘हाउकॅचेम’. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘रहस्यकथा’ म्हणतो, त्यामुळे बोलताना पंचाईत होते: ज्यात रहस्यच उरलेलं नाही ती रहस्यकथा कशी? मी माझ्यापुरतं ‘कुणी केलं’ आणि ‘कसा सापडतो’ असं म्हणतो. ओबडधोबड आहे, पण काम भागतं. (नेटवर देवनागरीत ‘कोलंबो’ शोधाल तर आधी श्रीलंकेतल्या क्रिकेटचे धावफलक येतील. तेवढा धीर ठेवावा लागतो.)

‘उलटी’ या शब्दाचे दोन अर्थ मात्र एकमेकांत गुंतलेत. एक अर्थ मांडणीचा: खून आधी दाखवायचा, तपास नंतर. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या माहितीचा: प्रेक्षकाला सत्य ठाऊक असतं आणि पोलिसाला नसतं. बहुतेक भागांत हे दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून फरक कुणाच्या लक्षात येत नाही. ‘कमोडोर’च्या भागात ते सुटे होतात. मांडणी उलट्या कथेचीच ठेवली आहे, प्रेक्षकाची माहिती मात्र खोटी आहे. त्यामुळे ‘हा भाग उलटा नाही’ हेही खरं आणि ‘हा उलट्या पद्धतीवरच बेतलेला आहे’ हेही खरं. दोघं आपापल्या अर्थाला धरून बसतात आणि वाद मिटत नाही.

पद्धत मालिकेच्या निर्मात्यांची स्वतःची नव्हे. एका इंग्रज डॉक्टर-लेखकाने १९१२ च्या कथासंग्रहात ती जाणूनबुजून वापरली. वाचकाला सगळं आधी सांगून टाकलं तरी त्याला धरून ठेवता येतं का, हे त्याला बघायचं होतं. कोलंबो हे पात्र टीव्हीवर आलं १९६० साली, वेगळ्याच नटाच्या अंगावर. १९६२ मध्ये त्याचं नाटक झालं, १९६८ मध्ये त्या नाटकावरून टीव्हीपट निघाला आणि आपला नट पीटर फॉक तिथे पहिल्यांदा दिसला. सप्टेंबर १९७१ पासून नियमित मालिका. या सगळ्या प्रवासात उलटी मांडणी हा मालिकेचा पायाच होता. खुनी बहुधा श्रीमंत, नावाजलेला, स्वतःच्या हुशारीवर लट्टू. त्याची घडी विस्कटताना बघायची, हे आपलं सुख.

१९७६ पर्यंत घरोघरी प्रेक्षक या सुखाला पुरता सरावला होता. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला जादूगाराचा ‘नाऊ यू सी हिम’ हा भाग झाला होता. तो आजही आवडत्यांच्या यादीत वर असतो आणि नियमाच्या चौकटीत अगदी फिट बसतो. त्यानंतर दोन महिन्यांनी कमोडोर आला.

कमोडोर ओटिस स्वॅन्सन हा याट, म्हणजे हौशी शिडाच्या नौका, बांधणाऱ्या कंपनीचा मालक. भोवती नातेवाइकांचा गोतावळा: दारू पिणारी मुलगी जोआना, तिचा सावध, हिशेबी नवरा चार्ल्स क्ले, पुतण्या स्वॅनी, म्हातारा वकील. म्हातारबुवा सगळ्यांना विटलेले. मग रात्र होते आणि चार्ल्स सासऱ्याच्या प्रेताशेजारी आवराआवर करताना दिसतो. सासऱ्याचाच वेष चढवून तो याट समुद्रात नेतो, प्रेत पाण्यात सोडतो आणि शिडाचा दांडा डोक्यात बसून अपघात झाला असं भासवून परत येतो. हे सगळं सावकाश, बारकाईने, मालिकेच्या नेहमीच्या थाटात. चार्ल्सचं काम करणारा नटही असा की याआधीच्या हंगामात तो याच मालिकेत खुनी होता. प्रेक्षक म्हणतो, झालं, आजचा माणूस हा.

एकच गोष्ट दाखवलेली नाही. घाव. चार्ल्सच्या हातून खून होताना आपण पाहत नाही, फक्त खुनानंतरची झाकपाक पाहतो. पाच हंगामांच्या सवयीने उरलेली जागा आपणच भरून काढतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेतली ही सर्वांत चलाख युक्ती आहे, आणि ती चालते ती फक्त निष्ठावंतांवर. ज्याने कोलंबो आधी कधी पाहिलेला नाही, तो फसतच नाही. त्याच्या लेखी एक माणूस प्रेत लपवतोय, एवढंच.

भाग मध्यावर आल्यावर चार्ल्सच मेलेला सापडतो. इथून पुढे आपल्याला कोलंबोपेक्षा जास्त काही माहीत नाही. तो सगळ्या संशयितांना एकत्र जमवतो, जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्यासारखं. हातात घड्याळ. एकेकाच्या कानाशी नेतो. टिकटिक ऐकू येते. हे काय आहे म्हणाल? कमोडोरचं घड्याळ, असं सांगत सांगत तो पुढे सरकतो. एकाला काही सुचत नाही, दुसरा नुसता बघतो. स्वॅनीच्या कानाशी घड्याळ येतं आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निसटतो: ‘टिझन्ट’. नाही, ते नाही. कमोडोरचं घड्याळ त्या रात्री बंद पडलं होतं, ते टिकटिक करूच शकत नाही. आणि हे फक्त त्या वेळी तिथे असलेल्यालाच ठाऊक. चार्ल्सने सगळा खटाटोप केला तो बायकोनेच नशेत बापाला मारलं या समजुतीने. स्वॅनीला नेमकं तेच हवं होतं, म्हणजे वारसा आपल्याकडे वळेल.

‘टिझन्ट’ या शब्दावर प्रेक्षकांचा राग आणि प्रेम दोन्ही एकवटलंय. काहींना हा पुरावा हास्यास्पद वाटतो. कोर्टात हा शब्द किती वेळ टिकेल? रास्त शंका आहे. पण मग कोलंबोचे निम्मे पुरावे कोर्टात टिकणारे नाहीत, आणि आवडत्या भागांत ही शंका कुणी काढत नाही.

इथेच माझं म्हणणं आहे. ‘नियम मोडला’ ही तक्रार पुढे केली जाते, दुखतं मात्र दुसरीकडे. दुखणं वागण्याबोलण्याचं आहे. या भागातला कोलंबो नेहमीचा गबाळा, विनम्र, हळूच परत फिरून एक प्रश्न टाकणारा राहत नाही. तो संशयितांच्या अंगाला अंग लावून बसतो, नाकाशी नाक येईल इतका जवळ जाऊन बोलतो, मध्येच ओरडतो, मध्येच लांबलचक गप्प होतो. सोबत मॅक नावाचा तरुण पोलीस जोडून दिला आहे, नाव स्कॉटिश वाटतं पण आडनावाचा स्कॉटलंडशी काही संबंध नाही, यावरही विनोद. दृश्यं संपायला हवीत तिथे संपत नाहीत. सेटवर सगळे काय पिऊन आले होते, असं विचारणारे प्रेक्षक मी दर दोन-चार महिन्यांनी बघतो. मी स्वतः पहिल्यांदा बघताना मध्येच उठून चहा टाकला होता. परत आलो तर तेच दृश्य चालू.

याला कारण दिग्दर्शक पॅट्रिक मॅकगूहन. तो नट म्हणूनही मालिकेत येऊन गेला होता: १९७४ च्या लष्करी शाळेच्या भागात त्याने केलेला खुनी एमी हा टीव्हीचा मानाचा पुरस्कार जिंकून गेला, आणि १९७५ च्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’मध्ये तो खुनीही होता आणि दिग्दर्शकही. मुख्य नटाशी त्याची चांगली मैत्री. दोघांनाही संहिता बाजूला ठेवून दृश्य हवं तसं वाहू द्यायला आवडे. ‘आयडेंटिटी क्रायसिस’मध्ये समोर तो स्वतः असल्याने ही मोकळीक दोघांत वाटली गेली. कमोडोरच्या भागात ती सगळी एकट्या कोलंबोच्या वाट्याला आली.

रचनेची तक्रार खरी असती तर नंतरच्या भागांनाही तोच न्याय लागायला हवा होता. १९८९ मध्ये मालिका दुसऱ्या वाहिनीवर परत सुरू झाली आणि १९९० च्या ‘कोलंबो क्राइज वुल्फ’ने हीच खोडी पुन्हा काढली. आपल्याला वाटतं खून झाला, आणि तो झालेलाच नसतो. त्या भागाचं लोक कौतुक करतात, पुनरागमनानंतरच्या भागांत तो वरच्या क्रमांकांत धरतात. १९९२ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये खुनाचा पत्ताच नाही, अपहरणाची घाई आहे, आणि तो जवळपास सगळ्यांना नकोसा वाटतो. म्हणजे नियम मोडलेले दोन भाग, दोन वेगळे निकाल. फरक एवढाच की पहिल्यात कोलंबो कोलंबोसारखा वागतो.

शिवाय आताचा प्रेक्षक १९७६ च्या प्रेक्षकापेक्षा वेगळा आहे, हे वादात विसरलं जातं. तेव्हा भाग एकदा लागला की गेला. घरी टीव्ही रेकॉर्ड करणारे फार थोडे होते. कमोडोर बघणाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. पुढे केबलवर पुन्हा पुन्हा लागला, २००४ पासून हंगामवार डीव्हीडी आल्या, मग स्ट्रीमिंग. २०२० च्या टाळेबंदीत तर नव्या पिढीने कोलंबो पहिल्यापासून बघायला घेतला. आता ६९ भागांची यादी समोर असते, प्रत्येकाशेजारी गुण, आणि ‘कमोडोर’शेजारी ‘यात खुनी दाखवत नाहीत’ अशी टीप. ज्या युक्तीवर भाग उभा आहे तिचा फुगा बघण्याआधीच फुटलेला. मग उरतं ते रेंगाळणं आणि ओरडणं, आणि लोक त्यालाच गुण देतात. २०२३ पासून एका नव्या अमेरिकी मालिकेने उलटी पद्धत परत गाजवल्यावर तर नव्याने आलेल्यांना ती पद्धत पवित्रच वाटू लागली, तिला हात लावणारा तो गुन्हेगार.

हा भाग निरोपाचा म्हणून बेतला होता की नाही, यावरही बरंच बोललं जातं. मुख्य नट आणि पैसे देणारे यांच्यात मानधनाची ओढाताण वर्षानुवर्षं चालू होती आणि मे १९७६ मध्ये मालिका पुढे चालणार की नाही याची खात्री नव्हती. शेवटी कोलंबो छोट्या होडीत बसून वल्हवत निघतो. भागभर सिगार सोडण्याची भाषा करून पुन्हा सिगार ओढतोय म्हणून सहकारी विचारतो, तुम्ही सोडणार होता ना? उत्तर येतं: एवढ्यात नाही, एवढ्यात नाही. ‘सोडणं’ हा शब्द सिगारसाठी की नोकरीसाठी, हे बघणाऱ्याने ठरवायचं. नावडणारेही या एका दृश्यापुरते नमतात, असा माझा अनुभव आहे.

तो गेला नाहीच. ऑक्टोबर १९७६ मध्ये सहावा हंगाम सुरू झाला. पहिलाच भाग ‘फेड इन टू मर्डर’, त्यातला खुनी टीव्हीवरच्या गुप्तहेराचं काम करणारा नट, ज्याच्या अवाच्या सवा मानधनावर सगळा स्टुडिओ कुजबुजतोय. खून सुरुवातीलाच, आपल्या समोर, घाव दाखवून.