उपजतच दात कमी : इम्प्लांटच्या वयाचा वाद कुठून आला

दातांच्या घडणीतल्या आनुवंशिक दोषाची एक गाजलेली जुनी नोंद सापडते ती चक्क चार्ल्स डार्विनच्या पाळीव प्राणी आणि पिकांवरच्या ग्रंथात. त्याच्या 1875 च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचे वर्णन आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की दोन्ही जबडे मिळून चार बारीक पटाशीचे दात आणि आठ दाढा. केस विरळ, उन्हाळ्यात त्वचा कोरडी. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये दोष उतरायचा. हा एक्टोडर्मल डिस्प्लेशिया, म्हणजे दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट न घडण्याचा आनुवंशिक दोष. त्याचे एक्स गुणसूत्रावरचे जनुक 1996 मध्ये सापडले. उपचार मात्र बराच काळ म्हणजे कवळीच.

इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरणच सदोष असलेल्यांचे दिवस त्यामानाने आधी पालटले. पूर्वी त्यांचे दात घासून कॅप बसवत किंवा सरळ काढून टाकत. इनॅमलवर आम्ल लावून भरण चिकटवण्याची युक्ती 1955 मध्ये मांडली गेली आणि दात वाचू लागले, अर्थात इनॅमल अगदीच भुसभुशीत असेल तर भरण लवकर सुटते.

खरा वाद पेटला तो इम्प्लांटवरून, म्हणजे कृत्रिम दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवायच्या धातूच्या मुळावरून. हाडात रुजणाऱ्या टायटॅनियमचा शोध 1952 चा, स्वीडनमधला. 1965 मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, त्याच्या जबड्यातच जन्मजात व्यंग होते. पुढे मात्र ही सोय प्रौढांची झाली, कारण इम्प्लांट हाडाला घट्ट धरून बसते आणि जबड्याबरोबर वाढत नाही. शेजारचे दात खाली सरकतात, ते तिथेच राहते, आणि काही वर्षांत कृत्रिम दात आखूड, आत दडल्यासारखा दिसतो. म्हणून नियम पडला: वाढ थांबेपर्यंत, साधारण अठरापर्यंत, थांबा.

वरच्या जबड्यासाठी हे बरोबरच आहे. तिथे टाळूच्या मधल्या सांध्यापाशी वाढ चालू असते. सांध्याच्या दोन्ही बाजूंची इम्प्लांट एकाच ताठ पट्टीने जोडली तर जबड्याची रुंदीच अडते. पण खालच्या जबड्यात पुढे एकही दात नसलेल्या मुलाला हाच नियम लावणे म्हणजे कागदावरचा आग्रह. हनुवटीजवळचा सांधा पहिल्या वर्षातच जुळतो, आणि शेजारी दातच नसल्याने कोणी मागेपुढे सरकण्याचा प्रश्न उरत नाही. उलट दात नसल्याने हिरडीखालचे हाड सुरीच्या पात्यासारखे अरुंद राहते, त्यात लाळही कमी, मग खालची कवळी टिकणार कशावर? बोलताना ती उचलली जाते आणि मूल शाळेत ती खिशात ठेवते. म्हणूनच अशा मोजक्या मुलांपुरता अपवाद तज्ज्ञांनी हळूहळू मान्य केला. विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही: एवढ्याशा हाडात लहान वयात इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते, आणि वरची कवळी वाढीबरोबर बदलावीच लागते.

आता चर्चा आणखी मागे, थेट गर्भापर्यंत गेली आहे. एक्टोडर्मल डिस्प्लेशियात कमी पडणारे प्रथिन गर्भजलात सोडल्यावर जन्मलेल्या मुलांना नीट घाम येऊ लागला, असा अहवाल 2018 मध्ये आला. दाताची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाची मानवी चाचणी 2024 मध्ये जपानमध्ये सुरू झाली. ती सुरक्षितता तपासण्यासाठी होती आणि तिच्यात दात गमावलेले प्रौढ पुरुष होते. उपजत दात नसलेल्या लहान मुलांचा टप्पा त्यानंतरचा.